नववी चिठ्ठी

"आता लिही, 'न्यूक म्हणजे काय?'" मी बायकोला म्हणालो. "आणि अक्षर जरा वेगळं काढ. मघाच्यापेक्षा तिरकं."

वैजूने पेन खाली ठेवलं. "अहो, पण हे आपल्या गावात विचारणार कोण? इथं लोक फार तर लाइट कधी येणार ते विचारतात."

"म्हणूनच तर! गाव पुढं गेलंय असं वाटलं पाहिजे."

"गाव पुढं गेलंय असं, की गोंजारी सर पुढं गेलेत असं?"

मी पेन परत तिच्या हातात दिलं. ही सातवी चिठ्ठी होती, अजून एक लिहायची होती आणि तिचा मूड मला टिकवायचा होता.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातली ही गोष्ट. राजस्थानात पोखरणला अणुस्फोट होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आमचं माणदेशातलं तालुक्याचं गाव. पाऊस कमी, व्याख्यानं भरपूर. दर मे महिन्यात हायस्कूलच्या पटांगणावर सात दिवसांची व्याख्यानमाला असायची. प्रत्येक दिवसाच्या वक्त्याला 'पुष्प' म्हणायची पद्धत. चौथं पुष्प पुण्याहून यायचं होतं, ते आजारी पडलं. आयत्या वेळी दुसरं कुठून आणायचं? तेव्हा व्याख्यानमालेचे चिटणीस दामूअण्णा शेटे माझ्याकडे आले. रिटायर्ड पोस्टमास्तर. "सर, तुम्ही कॉलेजला फिजिक्स शिकवता. लोकांच्या मनात त्या बाँबविषयी हजार प्रश्न आहेत. तेवढी उत्तरं द्या, म्हणजे झालं."

मी बारावीला विद्युतप्रवाह आणि भिंगं शिकवायचो. अणूचा धडा पुस्तकात शेवटचा, आणि तो परीक्षेला येत नाही असं सांगून मी दरवर्षी सोडून द्यायचो. पण चौतिशीतला माणूस पुष्प व्हायला कधी नाही म्हणतो का? वाचनालयातून ज्ञानकोशाचे दोन खंड आणले, चार मासिकं चाळली, आणि तीन दिवसांत अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

भीती होती ती एकाच गोष्टीची. आमच्याकडे व्याख्यान संपलं की श्रोते चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून देतात आणि वक्त्यानं स्टेजवर उभ्या उभ्या उत्तरं द्यायची. तिथं भलतंच कुणी काही विचारलं तर? त्यावर मी तोडगा काढला, प्रश्नही आपलेच असू द्यावेत. त्या काळी घरात नवा कागद फाडायची पद्धत नव्हती. युनिट टेस्टच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे मी पट्टीनं फाडले, आणि वैजूनं आणि मी मिळून आठ चिठ्ठ्या लिहिल्या. किलोटन म्हणजे काय, अणुबाँब आणि हायड्रोजन बाँब यांत फरक काय, जगात किती देशांकडे अण्वस्त्रं आहेत, अशा.

"एक साधा प्रश्न लिहू का?" शेवटच्या चिठ्ठीला वैजू म्हणाली. "म्हणजे खरंच बाँब पडला तर आपल्यासारख्यांनी काय करायचं?"

"तो नको. त्याचं उत्तर लांबतं."

"येतं का?"

"लांबतं म्हटलं ना."

गुरुवारी संध्याकाळी पटांगण भरलं. मी नवा सफारी घातला होता. बोलायला लागलो आणि काय सांगू, माझं मलाच आवडायला लागलं! हिरोशिमा झालं, नागासाकी झालं. केस कसे गळतात, हिरड्यांतून रक्त कसं येतं, सगळं रंगवून सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. अशी शांतता बारावीच्या वर्गात मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. त्या शांततेनं घात केला. लिहून आणलेल्या कागदावर नव्हतं असं एक वाक्य आपोआप तोंडातून गेलं.

"हे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आवाज नाही! आणि मित्रहो, आज राजस्थानच्या वाळूत काय दडलंय, तिथल्या माणसांच्या पुढच्या पिढ्यांत काय उगवणार आहे, कोण सांगू शकेल?"

टाळ्या! उचलली जीभ, लावली टाळ्याला, दुसरं काय.

मग दामूअण्णांनी चिठ्ठ्यांचं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. मोजल्या, नऊ होत्या; आमच्या आठ वैजूनं गर्दीतून हळूच ताटात टाकल्या होत्या. म्हणजे अडीचशे माणसांतून खरी अशी एकच आली होती, आणि नेमकी तीच सगळ्यात वर होती. वहीच्या रेघांच्या कागदावर मोठी मोठी वाकडी अक्षरं. घडीत काहीतरी पांढरं होतं, ते मी झटकलं. मनातल्या मनात वाचलं:

'राजस्थानात नोकरीवर असलेल्या जवानाला बाँबच्या किरणांची बाधा होती का. त्याला पुढं मूलबाळ होतं का. लग्न ठरलं आहे. उत्तर द्यावं.'

आली का पंचाईत! उत्तर येत नव्हतं हो! ज्ञानकोशात हिरोशिमा होतं, जवान नव्हता. आणि आत्ताच पाच मिनिटांपूर्वी मी वाळूत काय काय उगवून ठेवलं होतं. मी ती चिठ्ठी हळूच खाली सरकवली, गठ्ठ्याच्या तळाशी, आणि माझी पहिली चिठ्ठी उचलली.

"अरे वा! कुणी जाणकारानं विचारलंय, न्यूक म्हणजे काय?"

मग मी सांगितलं, की अमेरिकेत अण्वस्त्राला बोलीभाषेत न्यूक म्हणतात, न्यूक्लिअरचं ते छोटं रूप. बाँब टाकण्यालाही न्यूक करणं म्हणतात, आणि गंमत म्हणजे शिळं अन्न विजेच्या ओव्हनमध्ये झटपट गरम करण्यालाही तिकडे न्यूक करणंच म्हणतात.

"शिळी भाकरी बी न्यूक हुती का, सर?" मागून सायकलदुकानवाला किसन ओरडला. पटांगण हसलं. मीही हसलो, मोठ्या माणसांनी हसावं तसा.

आठही उत्तरं झोकात झाली. पटांगणाच्या कडेला कडुलिंबाला टेकून पिठाच्या गिरणीवाले महिपती पिसे उभे होते. पांढरी टोपी, पांढऱ्या भुवया, गिरणीतून थेट आलेले. बाकीचे लोक चुळबुळ करत होते, शेंगा खात होते. हा माणूस मात्र माझ्यावरून नजर काढत नव्हता. मनात म्हटलं, बघा, चार बुकं न शिकलेला माणूस, पण ज्ञानाची भूक कशी आहे! आठवी चिठ्ठी संपली तसं मी "वेळेअभावी इथंच थांबतो" म्हणालो आणि नववी चिठ्ठी सफारीच्या खिशात घातली. लोक उठले, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, तरी महिपती उभेच होते. श्रोता असावा तर असा, असं मी घरी जाताना वैजूला सांगितलंसुद्धा.

शुक्रवारी सकाळी वैजू दळण घेऊन गेली आणि डबा तसाच घेऊन परत आली.

"अहो, पिसेंच्या सुलूचं लग्न मोडतंय."

"अरेरे. का?"

"तुमच्यामुळं."

मी चहाचा कप खाली ठेवला. सुलू ही महिपतींची थोरली मुलगी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. शेजारच्या वाडीतला मिलिटरीतला मुलगा, रामचंद्र नाव, त्याच्याशी तिची सुपारी फुटली होती. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मुलगा होता राजस्थानात. स्फोट झाल्यापासून भावकीत कुजबुज होतीच. काल माझं पुष्प ऐकून सुलूच्या मामानं गिरणीसमोर उभं राहून जाहीर केलं होतं, की प्रोफेसर माईकवर सांगतोय म्हणजे खोटं असणार नाही, असल्या घरी पोरगी द्यायची नाही. सोमवारी तोच नकाराचा निरोप घेऊन वाडीला जाणार होता.

"आणि सुलू काय म्हणते?" मी विचारलं.

"काय म्हणणार? डोळे सुजलेत पोरीचे. तिला मुलगा पसंत आहे."

मी उठून सफारीच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि वैजूला दिली. तिनं ती वाचली, परत वाचली.

"बिचारी! घाईत लिहिलीय, अक्षर बघा कसं आलंय," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "ही तुम्ही काल वाचली होती?"

"मनातल्या मनात."

"आणि खिशात घातलीत?"

"उत्तर येत नव्हतं गं."

"मग येत नाही म्हणायचं!"

"आठशे माणसांसमोर?"

"अडीचशे होती. त्यातली पन्नास शेंगा खात होती." ती स्वयंपाकघरात गेली, आणि तिथूनच म्हणाली, "आज पोळ्या नाहीत. दळण झालेलं नाही."

मी एसटीडी बूथवर गेलो आणि कोल्हापूरला माझ्या जुन्या सरांना, सावर्डेकर सरांना फोन लावला. लाज टाकून सगळं सांगितलं. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "मुलगा राजस्थानात नक्की कुठं आहे?"

मला माहीत नव्हतं. फोन ठेवून गिरणीवरच्या एका पोराकडून चौकशी केली, परत लावला. "श्रीगंगानगर, सर."

"घरात नकाशा आहे?"

"आहे ना. ॲटलास आहे."

"मग पट्टी घे आणि मोज. पोखरण ते गंगानगर पावणेचारशे किलोमीटर भरेल. तुमच्या गावापासून मुंबईसुद्धा जवळ आहे. आणि स्फोट जमिनीच्या पोटात खोल केलेत, बाहेर काही पसरलं नाही असं सरकारनं सांगितलंय. ज्यांनी ते घडवलं ती माणसं त्या मुलापेक्षा कितीतरी जवळ होती."

"आणि मूलबाळ, सर?"

"हिरोशिमातून वाचलेल्यांच्या मुलांची पाहणी जपानमध्ये वर्षानुवर्षं चाललीय. त्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलेलं नाही. तुझा जवान तर हिरोशिमातही नव्हता. तो पावणेचारशे किलोमीटरवर परेड करतोय!" मग सरांनी विचारलं, "गोंजारी, तू एमेस्सीला माझ्याच हाताखाली होतास ना?"

"हो, सर."

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ॲटलास माझ्याच टेबलावर होता. त्याच्यावरच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आम्ही.

शनिवारी सकाळी मी ॲटलास काखोटीला मारून गिरणीवर गेलो. गिरणी फुल चालू, पट्ट्याचा खडखडाट, दळणाच्या डब्यांची रांग आणि डब्यांमागं पंधरा-वीस बायका. महिपती जात्याच्या तोंडाशी हात लावून पिठाचा पोत बघत होते. सुलू वजनकाट्यापाशी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"महिपतराव, जरा बोलायचं होतं!"

"आं?"

"परवाच्या व्याख्यानाबद्दल!" मी ओरडलो. "जवानाला काही होत नाही!"

"काय न्हाई?"

"धोका! धोका नाही!"

"मग परवा तर तुमी म्हनाला..."

"परवा मी..." मी छाती फुगवून सगळा आवाज लावला, आणि तेवढ्यात लाइट गेली. पट्टा थांबला, जातं थांबलं, आणि त्या शांततेत माझाच आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "मला काडीचंही माहीत नव्हतं!"

रांगेतल्या एकूण एक बाईनं वळून बघितलं. एका म्हातारीनं दुसरीला विचारलं, "ह्योच का त्यो, भाकरी न्यूक करनारा?"

मी वजनकाट्यावर ॲटलास उघडला आणि महिपतींना सगळं समजावलं. पट्टी लावून दाखवली. ते भुवयांवरचं पीठ पुसत, वाकून, माझ्या बोटाबरोबर नकाशावरून फिरत होते. पूर्ण ऐकून घेतलं. मग सरळ उभं राहून त्यांनी विचारलं, "सर, परवाचं खरं का आजचं?"

"आजचं."

"मग परवा का न्हाई सांगितलं?"

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मला पटलं," महिपती म्हणाले. "पर माझ्या एकट्याच्या पटन्यानं काय हुतंय? समदी भावकी बसली हुती तितं. मेव्हणा ऐकायचा न्हाई. त्यो म्हननार, मास्तर गिरनीत येऊन काय बी बोलंल. तुमी माईकवर बोलला, सर. आता माईकवरच बोला."

"उद्या शेवटचा दिवस आहे. पाहुणे मोठे आहेत. दामूअण्णा वेळ देतील का, शंकाच आहे."

सुलूनं काट्यावरची वजनं बाजूला सारली. ती नकाशाकडे बघत म्हणाली, "आबा, राहू द्या. माईकवर चुकलो म्हणायला छाती लागती. सरांना कशाला तरास?"

अहो, कानाखाली दिली असती तरी परवडलं असतं.

तसाच दामूअण्णांकडे गेलो. ते ओट्यावर जुन्या पाकिटांवरची तिकिटं सोडवत बसले होते. मी दोन मिनिटं मागितली. त्यांनी कारण विचारलं नाही. चष्म्यावरून बघून एवढंच म्हणाले, "आभारप्रदर्शनाच्या आधी घ्या. तेव्हा लोक उठत नाहीत, नंतर चहा असतो."

रविवारी पटांगण गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत सुलूचा मामा, मांडीवर मांडी टाकून. कडुलिंबाला टेकून महिपती. माईकसमोर गेलो आणि दोन्ही हातांनी त्याचा दांडा धरला. गुरुवारी एवढं मोठं जग भाजून काढलं तेव्हा धरावा लागला नव्हता.

"गुरुवारी एक प्रश्न आला होता, मी तो वाचला नाही," मी म्हणालो आणि नाव-गाव काही न सांगता चिठ्ठी वाचून दाखवली. मग सावर्डेकर सरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. पावणेचारशे किलोमीटर. जमिनीच्या पोटात. जपानमधली मुलं. "या जवानाला काहीही बाधा नाही. त्याला इतरांसारखीच मुलंबाळं होतील. राजस्थानच्या वाळूत पुढच्या पिढ्या उगवतील वगैरे जे मी बोललो ते टाळ्यांसाठी बोललो. त्याला काही आधार नव्हता."

मामा उठला. "मग त्या दिवशीच का नाही सांगितलं, प्रोफेसर?"

"येत नव्हतं."

"आणि बाकीच्या प्रश्नांची तर फाडफाड दिली उत्तरं!"

खरं म्हणजे इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एकदा धोतर सुटलंच आहे तर लंगोट तरी कशाला सांभाळा?

"ती आली, कारण ते आठही प्रश्न माझेच होते. घरून लिहून आणले होते. अर्धे माझ्या मिसेसच्या अक्षरात आहेत."

मग किसन सायकलवाला जो हसला, त्याच्यामागं सगळं पटांगण हसलं. पाहुणेसुद्धा उपरणं तोंडाला लावून हसत होते. "न्यूक सर की जय!" कुणीतरी ओरडलं. ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. रिटायर झालो तेव्हा कॉलेजच्या निरोप समारंभातल्या फळ्यावरसुद्धा पोरांनी तेच लिहिलं होतं. पण त्या हसण्यात मी पहिल्या रांगेकडे बघत होतो. मामाही हसत होता. पोट धरून हसत होता. हसणाऱ्या माणसाला सोमवारी नकाराचा निरोप घेऊन जाता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो गेलाच नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. रामचंद्र रजा घेऊन आला, उन्हानं रापलेला, दणकट, माझ्यापेक्षा दुप्पट निरोगी. मला मानाचा फेटा बांधला. पंगतीत दामूअण्णा माझ्या शेजारी बसले होते.

"सर, त्या आठ चिठ्ठ्या आम्ही दप्तरी ठेवल्यात," ते वरणभात कालवत म्हणाले. "व्याख्यानमालेची पद्धत आहे. पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडतात."

"फाडून टाका हो!"

"छे! सदतीस वर्षं टपाल वेगळं केलंय मी. चिठ्ठ्या ताटात पडल्या तेव्हाच कळलं होतं. आठही चिठ्ठ्या पाठकोऱ्या, आणि एकीच्या मागं छापलेलं, 'कोणतेही दोन प्रश्न सोडवा.'"

माझा घास हातातच राहिला. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"म्हणून तर नववी सगळ्यात वर ठेवली होती. म्हटलं, खरी एवढीच आहे, आधी हिचं उत्तर मिळू दे." त्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला. "तुम्ही ती खाली सरकवलीत. बघत होतो मी."

"सुलू काय म्हणाली असेल मला!"

"सुलू?" दामूअण्णांनी माझ्याकडे वळून बघितलं. "सुलू कुठं आली होती त्या दिवशी? ती चिठ्ठी महिपतीनं लिहिली. व्याख्यान चालू असतानाच माझ्याकडून पेन मागून घेतलं. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पाव तास लागला त्याला तेवढ्या चार ओळींना. म्हणाला, मास्तर काय म्हनत्यात बघू. ते धोका नाही म्हणाले तर भावकी गेली उडत. मग त्या झाडाला टेकून उभा राहिला, शेवटपर्यंत."

मांडवात सनई वाजत होती, पोरं पंगतीतून पळत होती आणि समोरून महिपती स्वतः बुंदीची परात घेऊन वाढत येत होते. नवं धोतर, गुलाबी फेटा. माझ्यापाशी येऊन वाकले.

"महिपतराव," मी म्हणालो, "ती चिठ्ठी..."

"कंची चिठ्ठी?" ते म्हणाले. माझ्या पत्रावळीत बुंदीची मोठी मूठ घातली, आणि वर आणखी एक. "खावा, सर. लाजू नगा." आणि पुढच्या पानाकडे सरकले.

घरी आल्यावर मी सफारीच्या खिशातून ती चिठ्ठी परत काढली. घडी उलगडली. चार ओळी, मोठी मोठी अक्षरं, प्रत्येक ओळ खाली घसरत गेलेली. घडीच्या रेघेत अजून थोडं पांढरं राहिलं होतं. अंगठ्यानं पुसून बघितलं. पीठ होतं. त्या दिवशी स्टेजवर मला तो खडू वाटला होता.